लायसिनचं पोतं

आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांवर माझा सरळ आरोप आहे. आमच्या इमारतीच्या फाटकाला टाळं लागलं, जिन्यात औषध फवारलं गेलं, माझ्या नावावर दोनशे मेलेल्या कोंबड्या चढल्या आणि समोरच्या काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं (ही शेवटची गोष्ट तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतोय), या सगळ्याला साहेब जबाबदार आहेत. मी नाही. मी फक्त वाचलं. आरोग्य केंद्रात वजनकाट्याच्या वर त्यांनी जो फलक लावलाय तो मी उभ्या उभ्या वाचला, एवढाच माझा गुन्हा. लोकांनी वाचू नये अशी अपेक्षा असेल तर फलक छापायचे कशाला? भिंत झाकायला कॅलेंडरही चालतं.

फलकावर लिहिलं होतं: ‘लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल आहे. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते आहारातूनच मिळवावे लागते. केवळ पाव व तत्सम धान्यावर राहणाऱ्या वृद्धांत त्याची कमतरता होऊन स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो.’ खाली हसत हसत पळणाऱ्या एका कुटुंबाचं चित्र. त्यातला म्हातारा सगळ्यांच्या पुढे. तो काय खाऊन एवढा पळतोय ते मात्र कुठेही नाही. शेवटी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ अशी ओळ, म्हणजे आमची जबाबदारी संपली, आता तुमचं तुम्ही बघा.

तज्ज्ञ म्हणजे डॉक्टर असं समजून मी आत गेलो.

“डॉक्टर, लायसिनचं काय करायचं?”

“ते आहारातून मिळतं.” मान खालीच.

“कुठल्या आहारातून?”

“समतोल.”

“समतोल म्हणजे नेमकं काय?”

“पुढचा पेशंट,” ते म्हणाले, आणि घंटी वाजली. मी अजूनपर्यंत कुठल्याही दुकानात पुढचा पेशंट नावाची वस्तू पाहिलेली नाही.

काट्यावर उभे होते ते माझे वडील. बाबा केवळ पाव व तत्सम धान्यावर राहणारे वृद्ध आहेत. त्यातलं तत्सम काढा. ते पावावर राहतात. तोही कडक भाजलेला, करकरीत तपकिरी टोस्ट, चहात बुडवून. “परत उतरलंय,” नर्स म्हणाली, आणि ती काट्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली. बाबांच्या ताटातलं मीच खातोय असा तो भाव होता. माझ्या पोटाकडे पाहिलं तर संशयाला जागा आहे, हे मी नाकारत नाही. पण ते पोट माझ्या स्वतःच्या मेहनतीचं आहे.

ही बातमी ताईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ताई माझी मोठी बहीण. तिचं घर मोठं, दुसऱ्या गावात, आणि तिथे प्रत्येक गोष्ट घड्याळावर चालते.

“पुढच्या वजनाला मी स्वतः येणार,” ती फोनवर म्हणाली. “काटा वर गेलेला नसला तर बाबांना गाडीत घालून घेऊन जाणार. कायमचं.”

“गाडीत घालून काय? ते काय सामान आहेत?”

“सामान असते तर बरं झालं असतं. सामानाची तू काळजी तरी घेतोस.”

हे मला लागलं. मी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, आणि माझ्या स्टोअरमधला एक स्क्रू गंजलेला दाखवा, मी राजीनामा देईन. आणि बाबांना तिच्याकडे जायचं नव्हतं. “तिच्याकडे चहा दोनदाच मिळतो,” ते म्हणाले. “आणि त्यात पाव बुडवला की ती बघते. बोलत नाही. बघते.” मलाही ते जायला नको होते. कारणं सांगत बसत नाही. सकाळी पेपरचं पहिलं पान कोणी आधी घ्यायचं यावर भांडायला घरात माणूस लागतो, आणि माझी बायको पेपरला हात लावत नाही.

तेव्हा मी अभ्यासाला बसलो. मला कॉलेजचं वारंही लागलेलं नाही, पण वाचता येतं, आणि आपल्याकडे वाचता येणाऱ्या माणसाला कोणी थांबवत नाही, हीच तर अडचण आहे. लायसिन मला पहिल्या बैठकीत समजलं, कारण मी स्टोअरकीपर आहे. प्रोटीन म्हणजे कपाट. कपाटाला फळ्या लागतात, दारं लागतात, कुलूप लागतं, बिजागऱ्या लागतात. फळ्यांची थप्पी छतापर्यंत असली आणि बिजागऱ्या नसल्या, तर त्या दिवशी कारखान्यातून कपाट निघतं का? निघत नाही. फळ्या पडून राहतात आणि मालक माझ्याकडे बघतो. शरीराचं तसंच. अशी वीसेक अमिनो आम्लं लागतात, त्यातली बरीचशी शरीर घरच्या घरी जमवून घेतं, पण काही बाहेरून आणावीच लागतात. लायसिन त्यातलं. आणि गव्हात नेमकं तेच कमी. म्हणजे बाबा दिवसभर फळ्या खात होते आणि बिजागरी कोणीच पुरवत नव्हतं. त्यात पुन्हा पाव कडक भाजला, तपकिरी झाला, की आहे तेही लायसिन अडकून बसतं, शरीराच्या हाती लागत नाही. आमच्या घरी पाव काळा होईस्तोवर भाजतात. आता हे साहेबांना फलकावर लिहिता आलं असतं की नाही? जागा होती. पळणारा म्हातारा काढायचा.

मी बायकोला सगळं समजावलं. तिने कपाट, फळ्या, बिजागऱ्या सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मग आहे कशात ते?”

“वाटाण्यात. घेवड्यात. कडधान्यात भरपूर. अंड्यात, दुधात, मटणात.”

“झालं,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

ती तशी का गेली हे समजायला बाबांची नोकरी सांगायला हवी. बाबा डबाबंद वाटाणे आणि घेवडा बनवणाऱ्या कारखान्यात चव-तपासनीस होते. प्रत्येक लॉटमधला एक डबा फोडायचा, चाखायचा, पास किंवा नापास लिहायचं. सगळी नोकरी वाटाणा आणि घेवड्यात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, बूट काढले, आणि आईला म्हणाले, “शेंगेतून निघालेलं काहीही यापुढे माझ्यासमोर आणायचं नाही.” आई गेली, पण तो हुकूम अजून लागू आहे. अंडं? “एकाचा वास दुसऱ्यासारखा नसतो, त्या मालावर विश्वास ठेवता येत नाही.” दूध चहापुरतं. मटणाला दात नाहीत. राहता राहिला पाव.

समोरच्या काकूंना काही न सांगता सगळं कळतं. त्या दारातूनच म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसाला लाडीगोडीने खायला घालायचं असतं हो. तुम्ही त्यांना कपाट-कपाट काय सांगताय?” मी त्यांना शांतपणे सांगितलं, की हा शास्त्राचा विषय आहे. यावर त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

अन्नातून जात नसेल तर वेगळं द्यावं, असा विचार करून मी औषधाच्या दुकानात गेलो. रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मी हळू आवाजात म्हटलं, “लायसिन आहे का?”

दुकानदाराने तितक्याच मोठ्या आवाजात विचारलं, “ओठांवर फोड आलेत का?”

“नाही.”

“मग दुसरीकडे कुठे आलेत?”

मागच्या रांगेने एक पाऊल मागे घेतलं. “कुठेच नाहीत. अशक्तपणासाठी हवंय.”

“अशक्तपणासाठी कोणी मागत नाही. फोडांसाठी मागतात. लाजू नका, होतं कधीकधी. गोळ्या संपल्यात, मागवून देतो. तोपर्यंत कोणाच्या पेल्यातून पाणी पिऊ नका.”

रांगेत आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची बायको होती. घरी पोहोचेपर्यंत काकूंच्या दारात एक मलम तयार होतं. त्या ते मला काठीच्या टोकावर ठेवून देणार होत्या असं वाटलं, पण त्यांनी फक्त डबी जमिनीवर ठेवली आणि पायाने पुढे सरकवली. माणसाची अब्रू किती पातळ असते हे मला त्या दिवशी कळलं. त्यातून समोरचं सगळं दिसतं.

इथपर्यंत साहेब दोषी आहेत. पुढचं पाऊल माझं, ते मी मान्य करतो. पण तेही धंद्याच्या रीतीनेच टाकलेलं पाऊल होतं. आमच्या स्टोअरमध्ये एकच बिजागरी दोन डब्यांत येते. एक चकचकीत डबा, शोरूमसाठी. एक खाकी डबा, कारखान्यासाठी. आतली बिजागरी एकाच साच्यातली. हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाने जेव्हा वाचलं, की लायसिन कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायला पोत्यांनी विकलं जातं, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? खाकी डबा. दुसरं काय येणार. जो पदार्थ कोंबडीची वाढ करतो तो बाबांची का करणार नाही, आणि गोळ्या करून शिशीत भरलं म्हणजे त्याला काय सोनं लागतं? कपाटाच्या बाबतीत मी चुकलो नसतो. खाण्याच्या बाबतीत चुकलो. जनावरांसाठीचा माल माणसांसाठी स्वच्छ केलेला नसतो, हे मला नंतर कळलं, आणि ज्या मार्गाने कळलं तो मार्ग पुढे येतोच आहे.

पशुखाद्याचा व्यापारी गावाच्या टोकाला बसतो. धूळ, पोती, आणि पोत्यांवर झोपलेली एक मांजर.

“लायसिन हवंय. थोडंसं.”

“थोडंसं नसतं. पोतं असतं.”

“बरं, पोतं द्या.” स्टोअरकीपरला पोत्याची भीती वाटत नाही. शिल्लक माल असणं आमच्यात गुण समजतात.

“पक्षी किती?”

“कसले पक्षी?”

“नवा नियम आहे. नोंद असल्याशिवाय माल देता येत नाही. पक्षी किती, पत्ता काय, एवढं सांगा, मी इथूनच नोंदवतो.”

मला वाटलं, एक-दोन म्हटलं तर हा हसेल. माझ्या मागे दोन खरेखुरे कोंबडीवाले उभे होते, दणकट, मातीने भरलेल्या बुटांचे. त्यांच्यासमोर कमी कसं सांगायचं? मी म्हटलं, “दोनशे.” त्यातल्या एकाने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून मान हलवली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्टने एका मजल्यावर दम घेतला, आणि नेमकं तिथेच दार उघडून सेक्रेटरी उभे. त्यांनी पोत्यावर छापलेली कोंबडी बघितली, मला बघितलं, आणि लिफ्टमध्ये न शिरता जिन्याने गेले.

स्वयंपाकघरात मी पोतं उघडलं. तपकिरी दाणे, वास असा की मांजर त्या दुकानात झोपू कशी शकली कळत नाही. मी दाणे कुटले, लोण्यात कालवले, टोस्टला लावले आणि बाबांसमोर ठेवले. चहा वेगळा, टोस्ट वेगळा, सगळं नेहमीसारखं. पण ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक लॉट पकडला, त्याला मी लोण्याने फसवायला निघालो होतो.

बाबांनी टोस्ट तोंडाजवळ नेला आणि थांबले. त्यांनी वास घेतला. मग कोपरा फक्त जिभेच्या टोकाला लावला, डोळे मिटले, आणि टोस्ट परत ताटलीत ठेवला.

“नापास,” ते म्हणाले. “आंबूस, कडू, आणि मागे कसलातरी गोठ्याचा वास. कोणाकडून घेतलास?”

बायकोने तोवर पोत्यावरची कोंबडी पाहिली होती. “हे तुम्ही बाबांना घालत होता?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर परवडला असता.

“एकाच साच्यातला माल आहे,” मी म्हटलं.

“मग तुम्ही खा.”

आणि मी खाल्ले. बाबांच्या वाटचे दोन्ही टोस्ट, वरून आणखी एक, सिद्धान्ताच्या बाजूने. संध्याकाळपर्यंत सिद्धान्त माझ्या पोटात उभा-आडवा फिरत होता. त्यानंतर मी बहुतेक वेळ घरातल्या सगळ्यात लहान खोलीत काढला. तिथे विचार करायला निवांतपणा मिळतो म्हणतात. मला एकच विचार सुचत होता.

अशा अवस्थेत असताना दाराची बेल वाजली. दारात पशुखात्याचे निरीक्षक. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, हातात चामडी बॅग.

“कुक्कुटपालन इथेच का?”

“इथे नोकरदार माणसं राहतात,” बायको म्हणाली.

“पत्ता हाच आहे. दोनशे पक्षी. कोंबड्यांच्या साथीचे दिवस आहेत, ती माणसांनाही लागते, म्हणून नव्या नोंदी तपासतोय. पक्षी दाखवा.”

मी भिंतीचा आधार घेत बाहेर आलो. “पक्षी नाहीत.”

“विकले?”

“नाही.”

“दुसरीकडे हलवले?”

“नाही हो. नव्हतेच.”

“नव्हतेच असा रकाना नाही,” निरीक्षक म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. माझी अडचण त्यांना खरोखर समजत होती, पण ती लिहायला जागा नव्हती. “नोंद झाली म्हणजे पक्षी होते. विकले नाहीत, हलवले नाहीत. मग राहिलं काय?”

“काय राहिलं?”

“मेले. दोनशे पक्षी एकदम मेले.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी घामाने भिजलो होतो आणि रंग पोत्याच्या रंगावर गेला होता. “तुम्हाला काय होतंय?”

“पोट बिघडलंय त्यांचं,” बायको म्हणाली.

निरीक्षक दोन पावलं मागे सरले. त्यांच्या पायातल्या पिशव्या खसखसल्या. “पक्ष्यांना हात लावला होता?”

मी तोंड उघडलं, पण मला तातडीने त्या लहान खोलीकडे जावं लागलं, आणि मी ज्या वेगाने गेलो त्यावरूनच निरीक्षकांनी काय ते लिहिलं. आतून मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. “बसा साहेब. मीपण तपासनीसच होतो. त्याचं मनावर घेऊ नका, त्याला तपासणीची शिस्त नाही. चहा घेणार?”

माझे वडील. माझ्या घरात. माझ्याविरुद्ध.

दुसऱ्या दिवशी फाटकाला टाळं लागलं. बाहेर फलक लागला, ‘संसर्ग क्षेत्र, प्रवेश बंद’, त्यावर मात्र सगळं व्यवस्थित सांगितलेलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली आणि जिना, कठडे, काकूंच्या दारातल्या कुंड्या असं सगळं फवारून गेली. पोतं पुरावा म्हणून उचलून नेलं. सगळ्यांच्या घशातून नमुने घेतले. सेक्रेटरींनी जिन्यात उभं राहून मला विचारलं, “दोनशे कोंबड्या ठेवल्या होत्यात कुठे?” मी म्हटलं, “नव्हत्या हो.” ते म्हणाले, “तेच विचारतोय, आता नाहीत, पण होत्या तेव्हा कुठे होत्या?” काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासून. त्यांच्या कुंडीतलं एक रोप मेलं होतं.

आणि त्याच दुपारी ताई गाडी घेऊन आली. फाटकाबाहेर उभी, कमरेवर हात. मी गॅलरीत.

“बाबांना खाली पाठव.”

“टाळं आहे. कोणाला बाहेर सोडत नाहीत.”

“हे तू मुद्दाम केलंस.”

“ताई, एक माणूस थांबवायला मी दोनशे कोंबड्या मारीन का?”

“म्हणजे मारल्यास,” ती म्हणाली. रस्त्यावरची जाणारी-येणारी माणसं थांबली होती. “बाबा, काय खाताय तुम्ही?”

बाबा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, “पाव. तू जेवलीस का?”

तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं. फक्त बघत राहिली. बाबांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. “बघितलंस? असं बघते.”

आता इथे साहेब पुन्हा येतात. टाळं पशुखात्याचं, पण आत अडकलेल्यांना जेवण देणं आरोग्य खात्याचं काम. त्यांनी घरटी एक खोकं पाठवलं. पाव, चहा, साखर आणि शिजवलेल्या घेवड्याचे डबे. घेवडा पाहून बायकोने डबे उचलले आणि बाबांना दिसू नयेत म्हणून कपाटात लपवायला निघाली. बाबांनी ते पाहिलंच. ते उठून येतील असं वाटलं नव्हतं, कारण हल्ली ते खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायचे. पण उठले.

“बघू तो डबा.” त्यांनी तो फिरवून पाहिला. वर पाहिलं, खाली पाहिलं. “लॉट नंबर कुठाय?”

नव्हता. नुसताच कागद गुंडाळलेला. बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या घरात कोणी चिखलाचे बूट घालून आलं होतं. “लॉट नंबर नसलेला माल फाटकाबाहेर पडतोच कसा?” त्यांनी नखाने झाकणावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं, पुन्हा मारली. “पांढरी बशी आण. आणि चमचा. मोठा नको.”

बायकोने आणि मी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर ते बंद पडले असते.

त्यांनी डबा फोडला, बशीत ओतला, एकेक दाणा बोटाने दाबून पाहिला, मग चमचाभर तोंडात घातला. “मीठ जास्त,” ते म्हणाले. “शिजायला कमी. पण एका डब्यावरून लॉट नापास करता येत नाही, तो अन्याय होतो. दुसरा दे.” मध्ये जीभ साफ करायला त्यांनी पावाचा तुकडा खाल्ला, तोही न भाजलेला, कारण भाजलेल्याची चव जिभेवर राहते. मला त्यांना सांगावंसं वाटलं, की बाबा, तुम्ही आत्ता फळी आणि बिजागरी एकत्र खाल्लीत. मी गप्प बसलो. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम.

“थुंकायला वाटी देऊ का?” बायकोने विचारलं.

“आम्ही थुंकणाऱ्यांतले नव्हे. पोटात गेल्यावर काय म्हणतो ते कळायला नको?”

दोन दिवसांत ही बातमी इमारतभर झाली. टाळ्यात अडकलेल्या माणसांना दुसरा उद्योग काय? प्रत्येक घरातून एक डबा यायला लागला. सेक्रेटरी स्वतः घेऊन आले आणि खुर्चीच्या टोकावर बसून निकालाची वाट बघत राहिले. काकू आल्या. “मी तुमच्या मुलाशी बोलत नाहीये,” त्या म्हणाल्या, “तुमच्याशी बोलतेय. आमच्या डब्याला जरा करपट वास येतो की मला भास होतोय?” बाबांनी दोन चमचे खाल्ले, विचार केला, तिसरा खाल्ला. “भास नाही. नाक चांगलं आहे तुमचं. कारखान्यात चाललं असतं.” काकू माझ्याकडेसुद्धा बघून हसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

रोज जेवणानंतर बाबा अहवाल सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं, पण दुसरा कारकून उपलब्ध नव्हता. शेवटी निकाल झाला: लॉट नापास. कारणं: मीठ, अपुरं शिजवणं, काही डब्यांत तळाशी करपलेलं, लॉट क्रमांक नाही. ‘फेरतपासणीसाठी बदली माल पाठवावा.’ खाली सही. सहीखाली त्यांनी ‘चव-तपासनीस’ असं ठसठशीत लिहिलं. तो कागद फाटकावरच्या माणसाबरोबर आरोग्य खात्यात, थेट मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी तो पाहिला असेल किंवा त्यावर चहाचा कप ठेवला असेल. उत्तर आलेलं नाही.

नमुन्यांत काही निघालं नाही, टाळं उघडलं. कोंबड्या मात्र कागदावर मेल्या त्या मेल्याच. निरीक्षक म्हणाले, त्यांना जिवंत करायचा रकानाही नाही. आम्ही आरोग्य केंद्रात गेलो, ताईही आली, गाडीची किल्ली हातात खेळवत. बाबा काट्यावर चढले. नर्सने काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

“वाढलंय की,” ती म्हणाली. “काय दिलंत त्यांना?”

मी लायसिनबद्दल बोलायला घसा साफ केला, पण बाबा आधीच बोलले. “नापास माल,” ते म्हणाले, आणि खाली उतरले. कोणाचा हात न धरता.

ताईने किल्ली पर्समध्ये टाकली. हरल्यासारखी दिसली नाही. “एका वजनावरून काही ठरवता येत नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी परत बघू.” मुलगी कोणाची आहे ते कळलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण टाळं उघडलं तशी खोकी बंद झाली, आणि बाबा परत टोस्टवर आले. मी दुकानातून घेवड्याचे डबे आणले. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. “दुकानातला माल पास होऊन आलेला असतो,” ते म्हणाले. “पास झालेला माल मी परत कशाला चाखू?” बायकोने एका डब्याचा छापील कागद सोलून, वर कोरा कागद गुंडाळून, तो खात्याच्या खोक्यातलाच आहे असं भासवलं. त्यांनी कागदाखाली अंगठा फिरवला, जुन्या डिंकाचा चिकटा लागला, डबा परत दिला. काकूंनी आपल्या हाताने शिजवून पाठवला. “घरी शिजवलेल्याला लॉट नसतो,” म्हणाले, आणि भांडं धुऊन परत पाठवलं. आता थेट तुम्हालाच सांगतो, साहेब, माणूस भुकेला नाही असं नाही. तो कामाची वाट बघतोय. दुपारी पोस्टमन यायची वेळ झाली की ते गॅलरीत जाऊन उभे राहतात, आणि तो पुढे निघून गेला की आत येऊन चहात पाव बुडवतात.

पुढचं वजन सोमवारी आहे. ताईने फोन करून सांगितलं, की गाडीची चाकं तपासून ठेवलीत. तिचा राग नाही, तिला बाप जगायला हवाय, मलाही तेच हवंय, फक्त इथे. काल बाबांनी मला विचारलं, “माझे लोकरीचे मोजे कुठे आहेत रे? तिच्याकडे गार असतं.” मी म्हटलं, सापडत नाहीत. मोजे माझ्या खणात, माझ्या शर्टांच्या खाली आहेत.

तेव्हा साहेब, मला सल्ला नको, माहितीपत्रक नको आणि तज्ज्ञही नकोत. तुमच्या खात्याने पाठवलेला लॉट एका अनुभवी तपासनीसाने रीतसर चाखून, कारणं देऊन, सहीनिशी नापास केला आहे. मला लेखी उत्तर हवंय: तुम्ही बदली माल पाठवणार आहात की नाही, आणि पाठवणार असाल तर तो सोमवारच्या आत इथे पोहोचणार आहे का?